सुट्टी कुणी दिली, ते आधी बघा

प्रश्न : जोतिबाच्या यात्रेला स्थानिक सुट्टी होती. शाळा बंद, झेडपी बंद, म्हणून चेक भरायला गेलोच नाही. नंतर कळलं, बँक तर सुरू होती! असं कसं? (कसबा बावडा)

उत्तर : सुट्टी एकच वाटली तरी ती देणारे वेगवेगळे असतात. स्थानिक सुट्टी जिल्हाधिकारी देतात आणि ती राज्य शासनाची कार्यालयं, शाळा-कॉलेजं यांच्यापुरती असते. बँकेचं दार बंद होतं ते १८८१च्या कायद्याने. बँकेतली माणसं त्याला ‘एन. आय. ॲक्ट’ म्हणतात, म्हणजे चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांचा कायदा. त्याच्या कलम २५ खाली राज्य शासन दरवर्षी राजपत्रात सुट्ट्यांची यादी काढतं. त्या यादीत असलेलीच सुट्टी बँकेला लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात बहुतेक वेळा तळाला लिहिलेलं असतं, की ही सुट्टी बँकांना लागू नाही. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत नेमकी तीच ओळ कापलेली असते.

भाऊबीजेचंही तसंच. २०२५मध्ये महाराष्ट्रातल्या बँकांना लक्ष्मीपूजन आणि पाडवा अशा दोनच दिवस सुट्ट्या होत्या. भाऊबीजेला काउंटर सुरू होते. ओवाळून घेऊन दुपारी बँकेत गेलेल्यांची कामं गर्दीविना झाली असणार.

प्रश्न : गुळाचा व्यापार कोल्हापुरात, पण एक खातं निपाणीत आहे. तिथली सुट्टी इथल्यासारखीच धरायची का? (शाहूपुरी)

उत्तर : अजिबात नाही. कागल ओलांडून दूधगंगेपलीकडे गेलात की राज्य बदलतं आणि यादीही बदलते. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त आपल्याकडे बँका बंद, निपाणीत सुरू. १ नोव्हेंबरला उलटं. कर्नाटक राज्योत्सव म्हणून तिकडे बंद, इकडे सुरू. साऱ्या देशात पक्क्या राष्ट्रीय सुट्ट्या तीनच : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. बाकीच्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर त्या राज्याची यादी बघा.

पैसे पाठवायला मात्र सुट्टीची अडचण उरलेली नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२०पासून रात्रंदिवस, सुट्टीलाही चालतं. अडतं ते नवीन नाव जोडताना. पहिल्या चोवीस तासांत बऱ्याच बँका मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. दिवाळीच्या सौद्यासाठी समोरच्याचं खातं आठवडाभर आधीच जोडून ठेवा.

प्रश्न : पाचव्या शनिवारी बँक असते का?

उत्तर : असते. १ सप्टेंबर २०१५पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद, बाकीचे सुरू. पाच दिवसांच्या आठवड्याबद्दल बँका आणि संघटना यांच्यात मार्च २०२४मध्ये समझोता झाला, पण तो सरकारच्या मान्यतेवर अवलंबून आहे. आणि गल्लीतली पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिची सुट्टी तिचं संचालक मंडळ ठरवतं.

प्रश्न : सोसायटीच्या पीककर्जाची मुदत ३१ मार्चला संपते. त्या दिवशी सुट्टी आली तर? (करवीर तालुका)

उत्तर : २०२५मध्ये हेच घडलं. ३० मार्चला रविवार आणि गुढीपाडवा, ३१ला रमजान ईद, १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी काउंटर बंद. ‘रिझर्व्ह बँकेने ३१ तारखेला बँका सुरू ठेवायला सांगितलंय’ ही बातमी खरी होती, पण ती सरकारी जमा-खर्चाचं काम करणाऱ्या शाखांपुरती. त्यात सरकारी कर भरून होतो, सोसायटीचा हप्ता नव्हे. व्याजसवलत हातची जाऊ द्यायची नसेल तर २५ मार्चच्या आत भरा आणि पावती घ्या. सचिव ‘बघू की, हाय अजून वेळ’ म्हणाले तरी ऐकू नका.

प्रश्न : मुदत ठेव रविवारी पिकली तर एका दिवसाचं व्याज बुडतं का?

उत्तर : नाही. सोमवारी रक्कम घेतलीत तर मधल्या दिवसाचंही ठरलेल्याच दराने मिळतं. हुंडी आणि वचनचिठ्ठीचं मात्र उलटं आहे. मुदत सुट्टीवर आली तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय होते. व्यापाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रश्न : सलग सुट्ट्यांत एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून वजा झाले. बँक उघडेपर्यंत थांबायचं का? (राजारामपुरी)

उत्तर : थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत. त्यात सुट्टीचे दिवसही धरतात. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. एटीएम कुणाचंही असो, तक्रार आपलं खातं असलेल्या बँकेच्या टोल फ्री नंबरवर त्याच रात्री करा. तक्रार क्रमांक लिहून घ्या, स्लिपचा फोटो काढा, कारण त्या कागदावरची शाई लवकर उडते. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला फी नाही.