स्कॉलरशिप मुलाला हवी आहे की तुम्हाला?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे. सॉकर खेळायचा, शाळेच्या कोचने त्याला अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये किकर केलं. ४५ यार्डांवरून फील्ड गोल मारतो, म्हणजे टेकवलेला चेंडू पायाने गोलपोस्टच्या दोन खांबांमधून पाठवतो. किकिंग कॅम्पमध्ये साडेचार स्टार मिळाले. किकरला धडका बसत नाहीत, त्यामुळे करिअर सुरक्षित वाटतं. पूर्ण स्कॉलरशिपसाठी एसएटीचा (कॉलेज प्रवेशपरीक्षेचा) क्लास थांबवून खासगी कोच लावू का? मागच्या मॅचमध्ये शेवटची किक हुकली. परतताना गाडीत व्हिडिओ दाखवून चूक समजावली, तर तो न जेवताच झोपला. मन खंबीर कसं करायचं? – एक बाबा

उत्तर : आधी गाडीतला तो व्हिडिओ बंद करा. बाकीचं नंतर.

किक हुकली हे त्या पोराला तुमच्याआधी कळलं होतं, सगळ्या स्टेडियमसमोर. त्याला त्या वेळी घरी सोडणारा बाप हवा होता, परीक्षक नव्हे. शिवाय स्नॅप झाल्यापासून चेंडूला पाय लागेपर्यंत जेमतेम १.३ सेकंद जातात. तेवढ्यात स्नॅपरने चेंडू नेमका मागे फेकायचा, होल्डरने तो टेकवून शिवण गोलपोस्टकडे वळवायची आणि मग याने मारायचा. तिघांपैकी कोणाचं चुकलं, हे स्टँडमधून फोनवर घेतलेल्या चित्रीकरणात दिसत नाही. तरी दोष मुलाच्याच पदरात. आणि अख्ख्या पत्रात त्याला स्वतःला काय हवंय, यावर एक ओळ नाही. मला खरी काळजी वाटते ती त्याची.

आता ‘सुरक्षित करिअर’. धडका कमी बसतात, कबूल. पण एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, संघ ३२ आणि प्रत्येकात सहसा एकच किकर. रॉबर्टो अग्वायोला टॅम्पा बे बकनिअर्सने २०१६ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) चक्क दुसऱ्या फेरीत घेतलं, किकरसाठी हा मोठाच मान. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याला नारळ मिळाला. सोलहून शाळकरी वयात तुमच्याच न्यू जर्सीत आलेला यंगहो कू २०१७ मध्ये चार मॅचनंतर घरी बसला. २०१९ मध्ये अटलांटा फाल्कन्स संघाकडून परतला आणि २०२० च्या हंगामात प्रो बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या संघापर्यंत पोचला. म्हणजे दार पुन्हा उघडतंही, पण मधली वर्षं कशावर काढायची, याचं उत्तर हाताशी हवं. ब्रँडन ऑब्रीकडे ते होतं. नोत्र दाम विद्यापीठातून सॉकर, मग एमएलएस या व्यावसायिक सॉकर लीगच्या संघाकडून निवड, ते सुटल्यावर सॉफ्टवेअर इंजिनिअरची नोकरी. अमेरिकन फुटबॉलची किक मारायला तो त्यानंतर शिकला आणि २०२३ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, डॅलस काउबॉईजमध्ये दाखल झाला. पहिले ३५ फील्ड गोल एकही न चुकवता मारले. तुमची घाई मात्र अकरावीतच सगळं उरकायची!

स्कॉलरशिपचंही तसंच. कितीतरी कॉलेजं किकरला वॉक-ऑन म्हणून घेतात, म्हणजे टीममध्ये जागा मिळते, फी आपली आपण भरायची. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ नामांकित विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्रीमध्ये (कॉलेज खेळांचा तिसरा स्तर) तर खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, तिथे गुणपत्रिकाच कामी येते. एसएटीचा क्लास चालू ठेवा.

स्टारवर फार विसंबू नका, ते देणाऱ्यालाच आपण फी भरलेली असते. त्यापेक्षा ते ४५ यार्ड चेंडू कशावर ठेवून मारले, हे विचारा. शाळेत चेंडूखाली दोन इंचांपर्यंतचा ब्लॉक (ठोकळा) चालतो आणि गोलपोस्ट २३ फूट ४ इंच रुंद असतात. कॉलेजात चेंडू थेट जमिनीवर आणि पोस्ट साडेअठरा फूट. आत्ताची खात्रीची किक तिथे खांबाला लागू शकते.

मुलाला एकदाच विचारा, आईसमोर, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. नको म्हणाला, तर पुढच्या कॅम्पची फी भरू नका. हो म्हणाला, तर ब्लॉक काढून सराव करू दे, आणि कॉलेजच्या कोचना ईमेल त्याचा त्यालाच लिहू द्या.