पद्मिनीचा आवाज कमी करायचाय, पण फ्लोअर गंजायला नको

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्याकडं वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिन चांगलंय पण हायवेला ६० च्या पुढं गेलं की आत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. दुकानदार म्हणतोय पूर्ण फ्लोअरला आवाज दाबणारी शीट मारतो, वर जाड नमदा (दाबून केलेला लोकरीसारखा थर) आणि कार्पेट चिकटवून देतो. पावसाळ्यात आत कुबट वास येतो म्हणून भीती वाटते, खालून गंजली तर? — एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : भावा, तो कुबट वास आहे ना, तेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. गाडीत पाणी कुठून तरी येतंय, आणि ते बंद केल्याशिवाय एक शीटसुद्धा मारू नका. माझ्या ॲम्बेसेडरला मी हीच चूक केली होती, पाच वर्षांनी कार्पेट उचललं तर नमदा पिळून पाणी निघालं आणि ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला तो आरपार खाली गेला, वरनं बघून कळायचं नाही असं सगळं झालं होतं. जुन्या गाडीचा फ्लोअर म्हणजे तिचा कणाच की, पद्मिनीला खाली वेगळी चासी (लोखंडी सांगाडा) नाही, तो पत्राच सगळा भार घेतो.

तर आधी सीट, कार्पेट सगळं बाहेर काढा, फ्लोअरवर कोरडे पेपर पसरा, एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपनं खालून वर हळूहळू पाणी मारा. बहुतेक वेळा पुढच्या काचेच्या रबरातनं पाणी आत येतं, डॅशबोर्डच्या मागनं उतरतं आणि पायाच्या कोपऱ्यात साठतं. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलानं बुजली असतील तर तीही मोकळी करा.

मग पत्रा. सुटा गंज वायर ब्रशनं काढायचा, कुजलेला भाग उद्यमनगरात कापून नवा वेल्ड करून घ्यायचा, गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर मारायचा, जोडांना सीम सीलर (फटी बुजवणारा लेप) लावायचा आणि दाराखालच्या पोकळ भागात मेण फवारायचं. गंजावर शीट चिकटवली तर गंज थांबत नाही, फक्त दिसायचा बंद होतो.

आता आवाज. पूर्ण फ्लोअर झाकायची गरजच नाही! बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत जा, जिथं टण्ण वाजतो तिथंच ब्युटाइलची (चिकट रबराची) फॉइलवाली शीट लावा, साधारण पाव भाग झाकला तरी थरथर बरीच कमी होते. स्पिरिटनं पुसून, रोलरनं दाबून, एकही बुडबुडा राहू न देता लावायची, कारण त्या बुडबुड्यातच ओल बसते. स्वस्त डांबरी शीट नको, ती काही वर्षांनी कडक होऊन तडकते आणि कडा उचलल्या की खाली पाणी शिरतं. फ्लोअरच्या रबरी बुचांवर शीट मारू नका, ती बुचं उद्या पाणी काढायला लागतात.

त्याच्यावर नमदा किंवा साधा स्पंज अजिबात नको, दोन्ही पाणी धरून बसतात. बंद पेशींचा फोम घ्या, तो पाणी पीत नाही, आणि तो चिकटवायचा नाही, नुसता कापून अंथरायचा, वरचं कार्पेटसुद्धा सुटंच ठेवायचं. खरं सांगायचं तर ६० च्या पुढचा बराचसा आवाज दारांच्या कडक झालेल्या रबरांतनं आणि इंजिनच्या मागच्या पत्र्यातल्या वायर-केबलच्या भोकांतनं येतो, तिथं नवे रबर आणि ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) बसवले तर कमी पैशात जास्त फरक पडतो, म्हणून ते आधी करा आणि मग एकदा गाडी चालवून बघा, कदाचित बाकीचं थोडंच लागेल.

हे काम मार्चमध्ये उरका, वळीव सुरू झाला की पत्रा नीट वाळत नाही. आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी कार्पेट, फोम उचलून खाली हात फिरवा, ओल्या छत्रीचं, चपलांचं पाणीही तिथंच जातं, बोटाला ओल लागली तर त्याच दिवशी सगळं उन्हात टाका.