जुना गेम जपावा की बदलत न्यावा?

प्रश्न : सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं आठ संगणकांचं गेमिंग सेंटर आहे. संध्याकाळी लॅनवर, म्हणजे सेंटरमधल्याच नेटवर्कवर, 'काउंटर-स्ट्राइक १.६' हा बंदुकांचा गेम रंगतो. जुनी पोरं म्हणतात, काहीही बदलू नका. नव्यांना नवे मॅप, म्हणजे खेळाची नवी मैदानं हवीत, गेममध्ये बंदुका घ्यायला मिळणारे सुरुवातीचे पैसे जास्त हवेत. गेम आहे तसाच ठेवू की हळूहळू बदलत जाऊ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्ही करा, फक्त एकाच फोल्डरमध्ये नको.

आपल्याकडे जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी पंच केलेल्या कार्डांत असते. कार्डं गेली की चादर हातात असूनही तीच नक्षी पुन्हा उठवणं जिकिरीचं. ऑनलाइन गेमची कार्डं सर्व्हरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या संगणकावर असतात. 'रूनस्केप' या ऑनलाइन गेमचं जुनं रूप २०१३ मध्ये परत आलं, ते ऑगस्ट २००७ चा बॅकअप कंपनीकडे शिल्लक होता म्हणून. तुमची गोष्ट सोपी आहे, कारण १.६ चा सर्व्हर तुम्हाला स्वतःकडे ठेवता येतो.

नोव्हेंबर २०२३ च्या अपडेटमध्ये या गेमच्या इंजिनच्या फायली बदलल्या आणि जुन्या इंजिनवर बेतलेले काही मॉड, म्हणजे गेमवर केलेले फेरफार, अडू लागले. म्हणून प्रत्येक संगणकावर स्टीम या गेम चालवणाऱ्या ॲपमध्ये गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग बीटाज उघडा आणि 'स्टीम_लेगसी' (steam_legacy) ही अपडेटपूर्वीची शाखा निवडा. सर्व्हर स्टीमसीएमडीने, म्हणजे स्टीमच्या आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रामने, उतरवताना (ॲप क्रमांक ९०, मॉड सीस्ट्राइक) हीच शाखा द्या. डाउनलोड पहिल्या खेपेला बऱ्याचदा अर्धवट राहतं. ही जुनीच खोड आहे. पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत तीच आज्ञा पुन्हा द्या. मग सर्व्हरचं अख्खं फोल्डर झिप करा, एसएचए-२५६ बेरीज (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) काढून वहीत लिहा आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. या झिपला पुन्हा हात लावायचा नाही. खेळायचं ते तिच्या प्रतीवर.

जुन्या पोरांचा सर्व्हर २७०१५ पोर्टवर (संगणकावरचा जोडणीचा क्रमांक), सुरुवातीचे पैसे ८००. दुसरी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये, पोर्ट २७०१६. बदल फक्त इथे, आणि एका वेळी एकच. पैसे आणि मॅप एकदम बदलले, तर खेळ कशामुळे बिघडला ते कळत नाही. दोन आठवडे खेळू द्या, मग मत घ्या. रूनस्केपच्या त्या परत आलेल्या रूपात, 'ओल्ड स्कूल रूनस्केप'मध्ये, नवी गोष्ट खेळाडूंच्या मतदानातून जाते. आधी ७५ टक्के होकार लागायचा, आता ७० लागतो. साध्या बहुमतावर बदल केला, तर जवळजवळ निम्मी मंडळी नाराज राहतात. तुमच्या आठांत सहा जणांचा होकार मागा.

नव्या मॅपची फाइल एकाच पेन ड्राइव्हवरून आठही संगणकांत टाका. नाव तेच पण फाइल वेगळी असेल, तर 'तुमचा मॅप सर्व्हरपेक्षा वेगळा आहे' असा संदेश येऊन तो खेळाडू आतच येत नाही. पोरं नेटवरून आपापले मॅप उतरवतात तिथेच हे घडतं. सुधारलेल्या मॅपला नवं नाव द्या, शेवटी २ जोडलात तरी पुरे.

जुन्या सर्व्हरलाही कधीतरी हात लावावा लागेल. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमचं जुनं रूप 'क्लासिक' नावाने २०१९ मध्ये आलं तेव्हा १.१२ आवृत्तीचा जुना डेटा नव्या इंजिनावर चालवला गेला, कारण जुना प्रोग्राम आजच्या यंत्रणेवर टिकणारा नव्हता. उद्या विंडोज बदललं, तर तुम्हीही तेच करा: बंदुकांचे आकडे, मॅप आणि पैसे जुनेच, चालवणारं यंत्र नवं. तो बदल कोणत्या तारखेला केला ते बेरजेच्याच वहीत, तिच्याखाली लिहा.