‘~’ला घर का म्हणतात?

प्रश्न असा : प्रोग्रॅममधून वापरकर्त्याचं होम फोल्डर (त्याच्या स्वतःच्या फायली जिथे राहतात ते) गाठायला ‘~’ हे ‘टिल्ड’ नावाचं चिन्ह सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं का? आणि त्या नागमोडी रेघेचा घराशी संबंध काय?

चालत नाही. ‘~’ म्हणजे होम हे शेलला, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला कळतं, ऑपरेटिंग सिस्टिमला नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आपण ‘~’ लिहितो तेव्हा शेल ते पुसून तिथे खरा पत्ता घालतं. प्रोग्रॅमच्या अवतरणचिन्हांत लिहिलेल्या ‘~’ला मात्र कुणीच हात लावत नाही. तरी “टिल्ड टाक, झालं काम” हा सल्ला उठताबसता ऐकू येतो! तो पाळून फोल्डर बनवलंत, तर चालू फोल्डरमध्येच ‘~’ नावाचं एक फोल्डर जन्माला येतं. मग ते नकोसं झालेला माणूस टर्मिनलमध्ये ‘आरएम -आर ~’ ही पुसून टाकायची आज्ञा देतो. आता शेल इमानेइतबारे आपलं काम करतं, आणि खरं होम साफ होतं.

असो. गंमत पुढेच आहे. ‘लहर छपरासारखी दिसते म्हणून घर’ ही व्युत्पत्ती ठोकून देणाऱ्यांनी एकदा जुना कीबोर्ड बघावा. लिअर सीगलर कंपनीचं एडीएम-३ए हे 1976 सालचं टर्मिनल, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड. त्यावर ‘~’ आणि ‘होम’ एकाच बटणावर छापलेले होते. ‘~’ला होम मानणारं सी शेल आणि व्हीआय हा मजकूर-संपादक लिहिणारे बिल जॉय याच टर्मिनलवर काम करत. व्हीआयमध्ये कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही अक्षरं आली तीही इथूनच, कारण बाण त्याच बटणांवर होते. शिवाय त्या बटणावरचं ‘होम’ माणसाचं नव्हेच. ते कर्सरचं होम, म्हणजे पडद्याचा डावीकडचा वरचा कोपरा. दोन वेगळी घरं केवळ शेजारामुळे एक झाली!

खुद्द ‘टिल्ड’ हा शब्द स्पॅनिशमधून आला, आणि तिथे लॅटिन ‘टिट्युलस’वरून, म्हणजे वर लिहिलेला मजकूर, मथळा. इंग्रजी ‘टायटल’ याच शब्दाचं भावंड. मध्ययुगीन लेखनिक जागा वाचवायला ‘न’ गाळत आणि अक्षराच्या डोक्यावर रेघ देत; लॅटिन ‘आन्नो’मधला एक ‘न’ असाच वर चढला आणि स्पॅनिश ‘आन्यो’ला ती लहर मिळाली. डोक्यावर बसून अनुनासिकाची जागा भरणारं चिन्ह! आपला अनुस्वार दुसरं काय करतो? माझं ऐकाल तर ‘टिल्ड’ला मराठीत ‘आडवा अनुस्वार’ म्हणावं. ‘लहरचिन्ह’ सुचवणाऱ्यांनी नुसता आकार पाहिला, काम पाहिलंच नाही.

हो, विंडोजचं राहिलंच. तिथल्या दोन शेलपैकी कमांड प्रॉम्प्ट ‘~’ ओळखत नाही, पॉवरशेल ओळखतं. होमचा पत्ता ‘यूजरप्रोफाइल’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सिस्टिम प्रोग्रॅमना पुरवते त्या नावाच्या नोंदीत) असतो. लिनक्स आणि मॅकवर तो ‘होम’मध्ये. ‘/होम/’ला नाव चिकटवून पत्ता बनवू नका : मॅकवर ते ‘/यूजर्स/’ असतं, आणि लिनक्सवरही रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचं घर सहसा ‘/रूट’. पायथॉनमध्ये पाथलिबचं ‘पाथ.होम()’, जावात ‘यूजर.होम’ ही प्रॉपर्टी, नोडमध्ये ओएस मॉड्यूलचं ‘होमडिर()’ वापरा. हे विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे चालतं.