अपेंडिक्सची बाटली आणि बायोप्सीचा रिपोर्ट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुतण्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन खानापुरात झालं. काढलेला तुकडा बाटलीत घालून दिला आणि बेळगावला बायोप्सीला द्यायला सांगितलं. शनिवारी संध्याकाळी लॅब बंद होती, म्हणून बाटली सोमवारपर्यंत घरात ठेवली. तुकडा खराब झाला असेल का? फ्रिजमध्ये ठेवायला हवं होतं का? (वाचक, खानापूर तालुका)

सगळं अवलंबून आहे बाटलीत काय होतं त्यावर. दहा टक्के फॉर्मलिन असेल तर दोन दिवस घरात राहिल्याने काहीही बिघडत नाही. फॉर्मलिन पेशींना जागच्या जागी पक्कं करतं आणि कुजणं थांबवतं. फ्रिजची गरज नाही. बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नका, कारण बर्फाचे कण पेशी फाडतात. शिवाय हे द्रव विषारी आहे. खाण्याच्या वस्तूंजवळ किंवा मुलांच्या हाताशी ते नको. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांना दाखवा.

बाटलीत नुसतं सलाईन असेल तर मात्र तुकडा त्यातच कुजू लागतो. सर्वांत आधी आतलं नाजूक अस्तर सुटून जातं, आणि नेमकं तेच तपासायचं असतं. एप्रिल-मेच्या उन्हात एस.टी.मधून आलेल्या सलाईनच्या बाटलीत सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा पेशींच्या फिकट सावल्याच उरतात. स्पिरिटने तुकडा आखडतो आणि ठिसूळ होतो. सलाईनमध्ये गेलाच असेल तरी फेकू नका. लगेच फॉर्मलिनमध्ये टाकायला सांगा आणि किती तास सलाईनमध्ये होता ते फॉर्मवर लिहून घ्या. बाहेरचा स्नायूचा थर टिकलेला असतो, त्यावरून बरंच सांगता येतं.

फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. अपेंडिक्स करंगळीएवढं दिसलं तरी भोवतीच्या चरबीसकट त्याला शंभर मिलीच्या आसपास लागतं. फॉर्मलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं, म्हणून थोड्याशा द्रवात कोंबलेला तुकडा वरून पक्का आणि आतून कच्चा राहतो. बाटली रुंद तोंडाचीच हवी. चिंचोळ्या बाटलीत मऊ असताना सहज सरकलेलं अपेंडिक्स दुसऱ्या दिवशी लाकडासारखं ताठ होतं आणि बाटली फोडल्याशिवाय निघत नाही. पाण्याची रिकामी बाटली कधीच वापरू नये, कोणीतरी पिण्याचा धोका असतो.

बाटली हातात पडली की चिठ्ठी वाचा. नाव, वय, ऑपरेशनची तारीख आणि दवाखान्याचा नंबर बाटलीच्या अंगावर हवा, झाकणावर नको, कारण झाकणं बदलतात. आपल्या सीमाभागात आणखी एक घोळ होतो : आधार कार्डावर एक स्पेलिंग, कन्नडमधल्या केसपेपरवर दुसरं, बाटलीवर तिसरं. बाटली आणि फॉर्म जुळले नाहीत तर चांगली लॅब तुकडा घेतच नाही, आणि ते बरोबरच आहे. दवाखान्यातून निघण्यापूर्वीच दोन्हींवरची नावं पडताळून घ्या.

प्रश्न : सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसलंच होतं. मग काढल्यावर पुन्हा तपासणीचा खर्च कशाला? (वाचक, निपाणी)

सोनोग्राफीत सूज दिसते, सुजेचं कारण नेहमी दिसत नाही. लॅबमध्ये आधी डोळ्यांनी पाहतात : लांबी-रुंदी, भोक पडलंय का, आत मळखडा आहे का. मग टोक उभं चिरतात, मधला आणि बुडाकडचा भाग आडवा कापतात. ते काप रात्रभर अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून जातात. मेणाच्या ठोकळ्यातून तीन ते पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्रा काढून काचेच्या पट्टीवर रंगवतात. स्नायूच्या थरात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शिरलेल्या दिसल्या की अपेंडिसायटिस पक्का.

बहुतेक रिपोर्ट तेवढंच सांगतात. कधी मात्र आत सुतासारखे बारीक जंत सापडतात, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सगळ्यांना जंताचं औषध घ्यावं लागतं. कधी ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेतल्या पेशींचे बारीक पुंजके, दिसतात. तेव्हा क्षयरोगाचा विचार करावाच लागतो, पण त्या एका शब्दावर टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या नसतात. आधी खास रंग देऊन जंतू शोधतात, छातीचा एक्स-रे आणि बाकीच्या तपासण्या होतात. शंभरात एखाद्या अपेंडिक्समध्ये गाठ निघते, तीही आधी कुणाच्या ध्यानीमनी नसताना. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर हा रिपोर्ट सोडूच नये. टाके काढायला जाल त्याच दिवशी मागून घ्या. टाके निघाले, पोट दुखायचं थांबलं की रिपोर्ट लॅबच्या कपाटातच राहून जातो, याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : बहिणीच्या रिपोर्टमध्ये टोकाला सात मिलिमीटरची न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर लिहिली आहे. पुन्हा मोठं ऑपरेशन लागेल का? (वाचक, चिकोडी)

बहुधा नाही. ही हार्मोन बनवणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, टोकाकडची आणि पूर्ण निघालेली गाठ असेल तर अपेंडिक्स काढणं हाच उपचार झाला. दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर सहसा मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढायचा सल्ला देतात. मधल्या मापाला सर्जनशी बसून ठरवावं लागतं. रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा : नेमकं माप, बुडाकडची कापलेली कड मोकळी आहे का, भोवतालच्या चरबीत गाठ किती मिलिमीटर शिरली, आणि ग्रेड, म्हणजे गाठीच्या पेशी किती वेगाने वाढताहेत. यातलं काही लिहिलेलं नसेल तर लॅबला विचारा, ते पुरवणी रिपोर्ट देतात.

दुसरं मत घ्यायला कोल्हापूर किंवा मिरजेला जाणार असाल तर नुसता कागद पुरत नाही. काचा (पापुद्रे चिकटवलेल्या पट्ट्या) आणि मेणाचा ठोकळा दोन्ही लेखी अर्ज करून, पावती देऊन मागून घ्या. काचा डबीत कापसावर ठेवा. ठोकळा उन्हात उभ्या गाडीत सोडू नका, मेण मऊ पडतं. काम झालं की दोन्ही मूळ लॅबला परत करा, पुढे गरज पडली तर त्याच ठोकळ्यातून नवे पापुद्रे काढता येतात.