व्हीआरमध्ये साधा स्टीरिओ आवाज का पुरत नाही?

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमधील चित्र उत्तम असेल, तर स्पेशियल साउंडचा, म्हणजे प्रत्येक आवाज भोवतालच्या ठरावीक जागेवरून येतो असे भासवण्याचा, खटाटोप कशासाठी, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, येथे प्रश्न आवाजाच्या दर्जाचा नसून त्याच्या जागेचा आहे.

हेडफोनवर स्टीरिओ ऐकताना आवाज बहुधा डोक्याच्या आतच असल्यासारखा वाटतो आणि मान वळवली की तोही आपल्याबरोबर वळतो. गाणी ऐकताना हे खटकत नाही. परंतु आभासी खोलीत उजवीकडच्या भिंतीवरील घड्याळाकडे तोंड केल्यावरही त्याची टिकटिक उजव्याच कानात राहिली, तर डोळ्यांची आणि कानांची साक्ष जुळत नाही. म्हणूनच डोक्याची हालचाल टिपून त्यानुसार आवाज क्षणोक्षणी बदलणे हा या तंत्राचा गाभा आहे.

एका बाजूने आलेला आवाज दूरच्या कानापर्यंत जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. साधारण १,५०० हर्ट्झच्या खाली मेंदू मुख्यतः हा फरक पकडतो, तर त्याहून वरच्या आवाजांसाठी डोक्याच्या आडोशामुळे पडणारा तीव्रतेतील फरक त्याला अधिक उपयोगी पडतो. ही मांडणी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच केली होती. मात्र आवाज बरोबर समोर किंवा बरोबर मागे असला, तर हे दोन्ही फरक जवळपास शून्य होतात. डोळे मिटून बसा, मान स्थिर ठेवा आणि कोणाला तरी कधी पुढे तर कधी मागे किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सांगा; नंतर कानाच्या पाळ्या बोटांनी दुमडून तेच करून पाहा, म्हणजे पाळीच्या वळ्या किती काम करतात ते कळेल. या वळ्यांमुळे आवाजात होणारे बदल 'हेड-रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन'मध्ये गणिताने पकडलेले असतात. अडचण एवढीच की, प्रत्येकाचे कान वेगळे असल्याने सरासरी मापावर केलेली प्रणाली काहींना पुढचा आवाज मागून ऐकवते. अर्थात मान थोडी हलवली की हा गोंधळ बराचसा निवळतो.

अंतराची जाणीव मुख्यतः थेट आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज यांच्या प्रमाणातून होते. याकडे फार दुर्लक्ष होते, असे मला वाटते. पार्श्वसंगीत मात्र साध्या स्टीरिओत ठेवले तरी सहसा चालते, कारण त्या खोलीत ते वाजवणारे कोणी नसते.