नाणेघाट की रत्नपूर?

प्रश्न : मी नारायणगावला राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक अद्भुतकथा लिहायला घेतली आहे. जुन्नरची एक मुलगी नाणेघाटातल्या दगडी रांजणात दहाचं नाणं टाकते आणि सातवाहनांच्या काळात पोहोचते. मैत्रीण म्हणते, खरी जागा घेतलीस की लोक चुका काढत बसतील, त्यापेक्षा ‘रत्नपूर’ नावाचं काल्पनिक राज्य घे. दोन्ही सुरुवाती आणि कथेचा सारांश सोबत पाठवते आहे. कोणती ठेवू?

उत्तर : नाणेघाट. तुमच्या रत्नपुरात सोन्याचे कळस आहेत, संगमरवरी जिने आहेत आणि एक निळंशार सरोवर आहे. हे सरोवर मला दर महिन्याला कुणा ना कुणाच्या हस्तलिखितात भेटतं. नाणेघाटात मात्र मुलगी रांजणात वाकून बघते, तर तळाला पावसाचं पाणी आणि वेफर्सचं रिकामं पाकीट! तिथेच मी तुमच्या बाजूची झाले.

लोक चुका काढतील हे खरंच. सुरुवात मीच करते. सातवाहनांच्या राज्यातली म्हातारी तुमच्या नायिकेला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा वाढते. अहो, मिरची इकडे पोर्तुगिजांनी आणली. म्हातारीला ती मिळायला अजून दीड हजारांहून जास्त वर्षं आहेत. मिरी द्या तिला. दुसरं, घाट उतरल्या उतरल्या ही मुलगी जकातवाल्याशी घडाघडा बोलू लागते. तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख प्राकृतात आहे, लिपी ब्राह्मी. पोरीला निम्मं कळू नये, आणि जे कळलंसं वाटतं तेही चुकीचं असावं. तिच्या दहाच्या नाण्याकडे तो माणूस कसा बघेल? त्याला ठाऊक कहापण, म्हणजे त्या काळचं नाणं. या एका नाण्यावर तुमचं अख्खं प्रकरण उभं राहील.

तिसरी अडचण रविवारची. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला तिथे किती झुंबड उडते, ते तुम्हाला मी सांगायला नको. एवढ्या गर्दीतून मुलगी नाहीशी झाली तर कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ते आलंच असणार. जागा खरी घेतली की घरचे शोधणार, पोलीस पाटील येणार, गावात बोलणं होणार. हे टाळायचं असेल तर तिला आडवारी, उन्हात पाठवा. टाळायचं नसेल तर फारच छान, मागे राहिलेल्यांची गोष्टही लिहा.

आता लेण्याबद्दल. भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आज वर कोरलेली नावं वाचता येतात आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. तुमच्या नायिकेला त्या अखंड बघता येतील, चेहऱ्यांसकट! हा प्रसंग तुमच्या सारांशात नाही, याचं मला नवल वाटलं. ज्यानं ती रिकामी भिंत पाहिली आहे, त्याच्या अंगावर काटा येईल. रत्नपुरात आधी भिंत बांधा, मग ती पाडा, मग वाचकाला हळहळायला लावा. एवढं करूनही काटा येईलच असं नाही.

शिवाय काल्पनिक राज्य घेतलं की अभ्यास वाचतो, हेही खोटं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किननी आधी नकाशा केला आणि कथा त्यात बसवली. पात्रं एका दिवसात किती चालतील, त्या रात्री चंद्र कितवा असेल, हेसुद्धा जुळवत बसले. तुमच्या रत्नपुरात पाणी कुठून येतं, मीठ कोण आणतं, याचा पत्ता नाही. उलट हिंदी कादंबरीकार देवकीनंदन खत्रींकडे बघा. ‘चंद्रकांता’त (1888) नौगढ, विजयगढ, चुनार ही खरीखुरी ठिकाणं आहेत. त्या भागातल्या जंगलांचे ठेके त्यांनी घेतले होते, पडके किल्ले पायाखालचे होते. तिलिस्म, म्हणजे जादूचा चक्रव्यूह, त्यांनी कल्पनेनं रचला, पण जमीन आयती मिळाली. तुम्हालाही ती घरापासून एसटीच्या अंतरावर मिळाली आहे.

प्रश्न : तालुका खरा आणि गाव काल्पनिक, असं चालेल का?

उत्तर : चालेल. फक्त ते कोणत्या फाट्यावरून आत आहे आणि तिथली माणसं कुठल्या बाजाराला जातात, हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका.